छत्रीच्या काडीतल्या पावत्या

आमच्या मागच्या पडवीत, धुरानं काळ्या झालेल्या वाशाला छत्रीची एक काडी टांगलेली आहे. छत्री कधीच मोडून गेली. बाबांनी तिची एक काडी ठेवून घेतली, खालचं टोक वाकवून आकडा केला आणि आईला दिली. त्या काडीत आईच्या बाजाराच्या पावत्या ओवलेल्या असत. सगळ्यात खाली दोन रुपयांच्या, कडा झडलेल्या, हात लावला तर भुगा होईल अशा. त्यावर पाचच्या, मग दहाच्या, आणि वरच्या वीसच्या, गुलाबी कागदाच्या. संध्याकाळच्या एसटीनं आई परतली की आधी कनवटीला खोचलेला बटवा सोडायची, त्यातली दिवसाची पावती काढायची आणि काडीत खुपसायची. पाय धुणं त्यानंतर. लहानपणी मला तो तुळशीला पाणी घालण्यासारखाच एखादा नेम वाटे. एकदा विचारलं तर म्हणाली, "आज मी थंय होतंय, त्येची खूण गो ही."

आज मी तिथं होते. या चार शब्दांचा पुरावा द्यायला आईला पुढे दोन वर्षं लागतील, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आमचं गाव सिंधुदुर्गातलं, तालुक्याच्या बाजारापासून अकरा किलोमीटरवर. आई गेली तीस-एक वर्षं तिथल्या स्टँडच्या बाहेर, पिंपळाच्या पाराला लागून बसते. काय विकते असं कुणी विचारलं तर मी गोंधळते, कारण उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. कार्तिक सरता सरता गावोगावच्या दहीकाल्याच्या जत्रा लागतात, तेव्हा खाजं आणि शेंगदाण्याचे लाडू. फाल्गुनात ओले काजूगर. ते सोलताना चीक लागून तिच्या बोटांची सालं निघतात, रात्री ती खोबरेल लावून हात उताणे ठेवून झोपते. मग करवंदं, जांभळं, फणसाचे गरे, रातांबे. मेच्या उन्हात रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरण्या अंगणात ठेवायच्या, की जूनच्या आधी कोकमाचं सरबत तयार. मिठातलं आगळ वेगळं, पुटं देऊन वाळवलेली आमसुलं वेगळी. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, फोडशी, अळू. नशीब असेल तर अळंबी. चतुर्थीला माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या चौकटीचं सामान: कवंडळं, शेरवडं, हरणाची फुलं, तेरडा, आंब्याचे टाळे. नरकचतुर्दशीला कारिटं. तुळशीच्या लग्नाला आवळे, चिंचा, उसाचे तुकडे.

बारा महिने धंदा, पण माल बारा तऱ्हेचा. यातलं निम्मं तरी जंगलातून, बांधावरून, परसातून आलेलं. कोकणातल्या बायका असंच विकतात. दुकानदार माल आणून ठेवतो आणि गिऱ्हाइकाची वाट बघतो. आई डोंगरात काय पिकलंय ते बघते आणि तेवढं घेऊन बाजारात जाते.

बाजाराच्या गावाला ग्रामपंचायत होती तोवर कागदाचा प्रश्नच नव्हता. शिपाई यायचा, बाजारकराची पावती फाडायचा, वर पेन्सिलीनं आईचं नाव लिहायचा. तो आमच्याच शेजारच्या वाडीतला. मग महाराष्ट्रात तालुक्याची बरीच गावं नगरपंचायती झाली, त्यात आमच्या बाजाराचं गावही झालं. पथदिवे आले, घंटागाडी आली, बाजारवसुलीचा ठेका निघाला. ठेकेदाराची पोरं छापील पुस्तकातली पावती फाडू लागली. तिच्यावर क्रमांक आणि रक्कम, नाव नाही. आईनं तीही काडीत ओवली.

एक गोष्ट मात्र या बदलाबरोबर आपोआप आली होती आणि ती पारावरच्या कुणालाच माहीत नव्हती. गाव नगरपंचायत झालं त्या दिवसापासून तिथं बसणाऱ्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू झाला होता. पथविक्रेता उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन अधिनियम, असं त्याचं लांबलचक नाव. 'विनियमन' म्हणजे नियम लावणं. ते सगळ्यांनाच ठाऊक, कारण तेवढंच पारावर पोचतं. 'संरक्षण' हा शब्द त्याच्या आधी आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो भाग दोनदा वाचला.

मला तो कायदा वाचायची वेळ आली ती एका टोपलीमुळे. एप्रिलचे दिवस. कुणी मोठी व्यक्ती येणार होती, म्हणून आदल्या सकाळी रस्ता मोकळा करायचं फर्मान निघालं. गाडी आली. आईची करवंदांची टोपली, दोन वजनं, खाली अंथरायचा कांबळा, सगळं उचललं. कसला कागद दिला नाही. पहाटे तीनला उठून, बॅटरी घेऊन जाळ्यांमधून काढलेली करवंदं. ज्यानं करवंदाच्या जाळीत हात घातलाय त्याला काट्यांचे ओरखडे माहीत असतील. तिसऱ्या दिवशी टोपली परत मिळाली. करवंदं आंबून त्यांचं पाणी झालं होतं आणि टोपलीभर मुंग्या. आईनं तिथल्या कुणाला काही म्हटलं नाही. घरी येऊन टोपली तळीवर उपडी घातली, खराट्यानं घासली, उन्हात ठेवली.

मी तेव्हा रत्नागिरीत नोकरीला. फोनवर हे ऐकलं आणि रात्री मोबाईलवर कायदा शोधत बसले. त्यात स्पष्ट लिहिलंय की माल उचलला तर उचललेल्या मालाची यादी करून, सही करून विक्रेत्याला द्यायची. टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा. आणि नाशवंत माल त्याच दिवशी. त्याच दिवशी! ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांच्यापैकी कुणीतरी आयुष्यात कधी टोपलीतलं फळ संध्याकाळपर्यंत कसं होतं ते पाहिलं असणार. नुसत्या टेबलावर बसून ते सुचत नाही. विक्रेत्याला जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यायची, हेही त्यात आहे. आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही, हे तर अगदी सुरुवातीच्या कलमांतच.

हे आईला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, "मगे ह्या तेंका म्हायत नाय?" त्यांना माहीत नसेल का? मला उत्तर देता आलं नाही.

सर्वेक्षण आमच्या बाजारात झालं ते जुलैत. कायद्यानं दर पाच वर्षांनी तरी करायचं असतं. मोबाईल घेतलेले दोन तरुण आले, पारावर बसलेल्या प्रत्येकाचा जागेवर फोटो काढला, आधार नंबर घेतला, काय विकता ते लिहून घेतलं. शहाळीवाल्या काकांचं नाव लागलं, चणे-फुटाणेवाल्याचं लागलं, चपला शिवणाऱ्या दादांचं लागलं. आईचं नाही. आई त्या आठवड्यात बाजारात नव्हतीच. भाताची लावणी चालली होती.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणातली कोणती बाई बाजारात बसलेली सापडेल? तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार असतो, चिखल झालेला असतो, शेजाऱ्याकडे आज आपण, उद्या आपल्याकडे शेजारी. एक दिवस चुकला तर तरवा जून होतो. "लावणी काय माझ्यासाठी थांबतली?" आई म्हणाली. पारावरच्या मावश्यांनी त्या मुलांना सांगितलं होतं की इथं अमुक-अमुक बसते, तीस वर्षं बसते, लावणीला गेली आहे. पण त्यांना फोटो हवा होता, माणूस आणि जागा एका चौकटीत. जागा होती, माणूस नव्हतं. पारावरच्या चौदा बायकांपैकी नऊ जणींची नावं अशी सुटली. सर्वेक्षण मार्चमध्ये झालं असतं तर चौदाच्या चौदा मिळाल्या असत्या. मला त्या मुलांवर राग नाही, त्यांना जी तारीख दिली त्या तारखेला ते आले. पण ज्यानं ती तारीख ठरवली त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं असतं तरी पुरलं असतं. समोरच्या कुणग्यात बायका वाकलेल्या दिसत होत्या.

पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. २०२० चा तो उन्हाळा. झाडावर रातांबे पिकून पडत होते, काजू पडत होते, गावात यायला-जायला बंदी. मीही घरी येऊन अडकले. आईनं सरबत केलं, बरण्या भरल्या, आणि त्या पडवीत रांगेनं उभ्या राहिल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा काडीत दोन-अडीच महिने नवी पावती गेली नाही.

त्या जूनमध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली. रस्त्यावर विकणाऱ्यांना भांडवल म्हणून १० हजार रुपयांचं कर्ज, तारण काही नाही. वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सवलत आणि पुढे मोठं कर्ज. २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी तुम्ही विकत होता, एवढं सिद्ध व्हायला हवं. सर्वेक्षणात नाव नसेल तर नगरपंचायतीकडून शिफारसपत्र घ्यायचं. मी अर्ज भरला, आईला घेऊन गेले.

खिडकीपलीकडचा माणूस वाईट नव्हता. आईकडून त्याच्या घरी दरवर्षी आमसुलं जात. "मावशी, तुमका सगळे वळाखतत," तो म्हणाला, "पण कागदार नाव होया." त्यात दुसरी अडचण काढली: आधारवरचा पत्ता आमच्या गावचा, म्हणजे नगरपंचायत हद्दीबाहेरचा. हद्दीबाहेरच्या माणसाला शिफारस कशी द्यायची?

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या कोकणाचं दुखणं या एका प्रश्नात आहे. आमच्याकडे बाजार तालुक्याचा असतो आणि विकणारा गावचा. पहाटेच्या पहिल्या एसटीनं चाळीस गावांतून टोपल्या येतात. बाजारात राहणारी माणसं बहुतेक पक्क्या दुकानांची, नोकरीतली; पारावर बसणारं त्यांच्यातलं जवळजवळ कुणी नाही. हद्दीतला रहिवासी हीच अट धरली तर बाजारपेठ रिकामी होईल. आणि हे योजना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. आजूबाजूच्या ग्रामीण भागातून येऊन शहराच्या हद्दीत विकणाऱ्यांसाठी तिच्यात वेगळा गट आहे. मी तो परिच्छेद मोबाईलवर काढून खिडकीतून आत दिला. त्यानं वाचला, आतल्या टेबलाकडे नेला, परत आला. "बरा. मगे पुरावो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही काडी घेऊन गेलो. आईनं ती वाशावरून काढली, धुळीची जळमटं पदरानं पुसली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. टेबलावर काडी ठेवली तेव्हा त्या खोलीतली माणसं एक-एक करून जवळ आली. नगरपंचायतीच्या पावत्यांवर नाव नव्हतं, त्या वरच्या अर्ध्याचा उपयोग झाला नाही. पण खालच्या, ग्रामपंचायतीच्या वेळच्या, पेन्सिलीनं नाव लिहिलेल्या! तो शिपाई निवृत्त होऊन वारला, त्याचं अक्षर मात्र होतं. आईचं नाव, तारीख, दोन रुपये. आईचं नाव, तारीख, दोन रुपये. कुणीतरी मोजायला सुरुवात केली आणि तीनशेच्या पुढे सोडून दिली.

तरी एवढ्यानं भागलं नाही. जुन्या पावत्यांवरून तुम्ही २०२० मध्ये बसत होता हे कसं ठरवायचं? रास्त प्रश्न. त्यावर बचतगटाचं पत्र कामाला आलं. अशा वेळी स्थानिक चौकशी करता येते आणि त्यात बचतगटांचं म्हणणं घेता येतं, हेही त्याच नियमांत होतं. गटाच्या अध्यक्षीणबाई स्वतः पारावर बसतात. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, आठ जणींनी सह्या केल्या, एकीनं अंगठा. शिफारसपत्र मिळालं. बँकेतून १० हजार मिळायला आणखी तीन महिने गेले. त्यातून आईनं काचेच्या बाटल्या आणि साखर घेतली, आणि ते वर्षभरात फेडलं.

शिफारसपत्रानंतर महिन्याभरात विक्री प्रमाणपत्र मिळायला हवं होतं. आम्हाला ते मिळालं २०२२ मध्ये. का लांबलं, याची कारणं प्रत्येक खेपेला वेगळी सांगितली गेली: साहेबांची बदली, निवडणुकीची आचारसंहिता, प्रिंटर. पथविक्रेत्यांविषयी ठरवणाऱ्या शहराच्या समितीत ४० टक्क्यांहून कमी नाहीत इतके सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात, असं कायदा सांगतो. पारावरच्या दोघी-तिघी त्या टेबलाशी बसल्या असत्या तर हे लांबलं असतं असं मला वाटत नाही. आमच्याकडे ती निवडणूक झालेली मी तरी पाहिली नाही.

अखेर बोलावणं आलं. हमीपत्रावर सही करायची होती. आई चौथी शिकलेली, सही करते, पण वाचून दाखवल्याशिवाय करत नाही. "माका वाचून दाखव चेडवा, काय लिवला असा ता."

मी वाचलं. धंदा मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबातली व्यक्ती करील. बरोबर. प्रमाणपत्र किंवा जागा कुणालाही भाड्यानं देणार नाही, हस्तांतरित करणार नाही. बरोबर. माझ्याकडे उपजीविकेचं अन्य साधन नाही.

"शेत असा ना माझा," आई म्हणाली.

कारकुनानं समजावलं. अहो मावशी, अकरा गुंठे म्हणजे काय शेत? सगळेच सही करतात, कुणी बघत नाही. मीही म्हटलं, आई, याचा अर्थ तसा नाही. पगार, मोठं दुकान वगैरे असलेल्यानं जागा अडवू नये, म्हणून हे कलम आहे. आई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "अकरा गुंठे असले तरी भात होता. चार-पाच महिने खातंव आमी. नाय कसा म्हणू? खोटा लिवून घेतलेलो कागद माका नको."

मी तेव्हा चिडले होते. दोन वर्षं खेटे घातले, कागद हातात आलाय आणि ही एका वाक्यासाठी अडून बसली. पण बाहेरच्या बाकावर बसून विचार करत गेले तसं लक्षात आलं की त्या हमीपत्रातला माणूस कोकणात राहतच नाही. एकाच धंद्यावर जगणारं घर आमच्या पंचक्रोशीत मला तरी माहीत नाही. थोडं भात, दोन कलमं, चार रातांब्याची झाडं, एक म्हैस, मुंबईहून येणारी एखादी मनीऑर्डर, जत्रेतलं खाजं. यातलं कुठलंही एक साधन घर चालवत नाही आणि कुठलंही एक काढून घेतलं तर घर उभं राहत नाही. शहरात रस्त्यावर विकणाऱ्याला दुसरं काही नसतं, त्याच्यासाठी ते वाक्य खरं आहे. आईला ते खोटं वाटलं, कारण ते खोटंच होतं.

अर्ध्या तासानं आईनं स्वतः तोड काढली. त्या वाक्याखाली मला लिहायला लावलं: 'माझे ११ गुंठे भातशेत आहे. त्यातून घरी खाण्यापुरते, तेही पाच महिन्यांचे भात होते. ते विकत नाही.' खाली सही केली. कारकून तो कागद घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे गेला. आम्ही भिंतीवरच्या पाणीपट्टीच्या सूचना वाचत बसलो. तो परत आला, कागदावर शिक्का होता. मुख्याधिकारी काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मालाच्या रकान्यातही असंच. दीड इंचाची जागा. मी बारा महिन्यांची यादी सांगू लागले तसा त्यानं पेन खाली ठेवला. शेवटी लिहिलं: 'हंगामी शेती व रानमाल, सरबते, खाद्यपदार्थ.' बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "खाजां खय असा ह्यात?" मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

सरबताच्या बाटल्यांसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी काढावी लागली. हे काम सगळ्यात सोपं झालं, म्हणून थोडक्यात सांगते. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर पूर्ण परवाना लागत नसे, नोंदणी पुरायची. फी वर्षाला १०० रुपये होती, अर्ज मोबाईलवरून. फोटो, ओळखपत्र, पत्ता. २ नं सुरू होणारा चौदा आकडी नंबर मिळाला आणि तो मी लेबलवर छापून घेतला. आई त्या आकड्यांकडे कौतुकानं बघते. आमच्या वाडीत अजून तीन घरांतून सरबत जातं, त्यांचेही अर्ज मी भरून दिले. कुणी सांगितलं की दोन-तीन हजार लागतात, एजंट लागतो, तर ऐकू नका.

आईसारखं सगळ्यांचं झालेलं नाही. माझी मावशी महामार्गाच्या कडेला ओले काजू आणि करवंदं विकते. तिचं गाव ग्रामपंचायतीतलं, त्यामुळे हा कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही. चौपदरीकरणात तिची आंब्याच्या झाडाखालची जागा गेली, झाडही गेलं. आता ती मोकळ्या डांबराच्या कडेला उन्हात उभी राहते, द्रोण उंच धरून, आणि गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जातात. रेल्वेची हद्दही कायद्यातून वगळली आहे. स्टेशनात वडे-घावणे घेऊन येणाऱ्या बायका पोलीस दिसला की टोपलीवर फडकं ओढतात. १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं मानलं होतं की पदपथावर धंदा करणं हा नागरिकाचा हक्क आहे, सरकारनं त्याला नियम लावावेत. मावशीच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे मला तिच्याकडे बघून सांगता येत नाही.

आणि एक हिशेब मला सुटत नाही. कायद्यानं शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के इतक्या विक्रेत्यांना सामावून घ्यायचं धरलं आहे. बारा हजार वस्तीच्या गावात तीनशे. एरवी तीनशे पुष्कळ झाले. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजार बारा हजारांचा नसतो, तालुक्याचा असतो. मुंबईहून आलेली माणसं वेगळीच. त्या दोन दिवसांत ज्या बायका वर्षातून एकदाच कवंडळं घेऊन येतात, ज्यांचा तोच काय तो रोकडा, त्यांचं नाव कुठल्या सर्वेक्षणात लागणार?

गेल्या चतुर्थीला मी आईबरोबर बाजारात होते. नगरपंचायतीनं आता पाराभोवती चुन्याच्या रेषा मारून चौकोन आखले आहेत, प्रत्येकात नंबर. आईचा नऊ. प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून ती टोपलीच्या कडेला खोचून ठेवते. सकाळी सातलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आठच्या सुमारास एक म्हातारी आली, डोक्यावर भारा: कवंडळं, शेरवडं, आंब्याचे टाळे. आमच्याच वाटेवरच्या, पण आणखी आत डोंगराकडच्या गावची. ती चौकोनाचौकोनांपाशी थांबत पुढे सरकत होती आणि प्रत्येक ठिकाणी तिला मान हलवून नकार मिळत होता. आईच्या समोर ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली.

आईनं आपली टोपली डावीकडे ओढली, कांबळा दुमडला. "बस थंय. येळ जाता."

दोघींचं सामान एकच, भावही एकच. गिऱ्हाईक दोघींच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडची कवंडळं हातात घेऊन बघायचं. दहाच्या पुढे ठेकेदाराचा पोरगा आला. चौकोनामागे एक पावती, तसा नियम. आईनं वीस रुपये दिले, पावती घेतली आणि म्हणाली, "पेन दी रे, बाबा." त्यानं दिलं. आईनं म्हातारीला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, एक-एक अक्षर जोडत, सावकाश लिहिलं. खाली तारीख घातली.

"ही ठेव," ती म्हणाली. "टाकू नको खय."

म्हातारीनं पावती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली, चौपदरी घडी केली आणि कनवटीला खोचली.